चोगलेकाका आणि उभ्या डोलकाठ्या

चोगलेकाका बोलता बोलता मध्येच गप्प होत आणि मान वर करून बघत. समोरच्याला वाटे, आपलं काहीतरी चुकलं. काका बघत असत ते डोलकाठ्यांच्या शेंड्यांकडे. प्रत्येक शेंड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक छोटा बाण असतो. तो स्थिर दिसला की काका वाक्य पुढे चालू करत. बाण फिरायला लागला असला तर वाक्य तिथेच सोडून चालू पडत. यार्डातले लोक म्हणत, म्हाताऱ्याला वाऱ्याचा आजार आहे.

तुआसला, जहाजदुरुस्तीच्या अवाढव्य गोद्यांच्या कडेला, शिडाच्या बोटींचं एक छोटं यार्ड आहे. तिथे मी सेफ्टी कोऑर्डिनेटर म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की सिंगापूरमध्ये हिवाळा असतो. तो कागदावर असतो. नोव्हेंबर संपताना ईशान्येचा पाऊस लागतो, बोटींचे मालक सुट्टीला आपापल्या देशी जातात आणि जाण्याआधी बोट पाण्यातून काढून आमच्या यार्डात ठेवून जातात. फॉर्मवर छापलेलं असतं, 'विंटर स्टोरेज'. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असे आणि काका तो फॉर्म माझ्यापुढे धरून म्हणत, "आला गो बाय तुमचा हिवाळा. शाल काढ."

काका हर्णैचे, कोळी, साठीला टेकलेले. बोटी जमिनीवर उभ्या करायच्या आणि उभ्याच ठेवायच्या, हे त्यांचं काम. ते कठीण का आहे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. बोटीचं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर असतं, कील लाकडी ठोकळ्यांवर बसवलेली असते. दोन्ही अंगांना तीन-तीन लोखंडी टेकू असतात. ते वजन उचलत नाहीत, तोल धरतात. टेकूला वर स्क्रू असतो, तो फिरवून टेकू बोटीच्या पोटाला घट्ट लावायचा. समोरासमोरचे दोन टेकू बोटीखालून साखळीने एकमेकांना बांधायचे, म्हणजे पाय घसरत नाहीत. एवढंच. आठ टनांची बोट आणि तिला धरणारे सहा पाय.

"पाण्यातली बोट पडत नाय," काका म्हणाले. "कलते आणि परत येते. जमिनीवर तिला कलायला जागाच नसते."

डोलकाठी काढून आडवी ठेवली, तर बोट गुमान बसते. पण डोलकाठी उतरवायची म्हणजे क्रेन लागते. परत चढवल्यावर तिच्या तारा जुळवण्यात दिवस जातात, आणि मालकांना सुट्टीवरून आल्याबरोबर पाण्यात जायचं असतं. म्हणून डोलकाठ्या उभ्याच राहतात. मग त्या पन्नास फूट उंचीवर वारा धरतात आणि खाली टेकू हलवतात. त्या हिवाळ्यात आमच्याकडे अशा सहा बोटी एका ओळीत होत्या. काकांची झोप गेली होती ती या सहांपायी.

ते सकाळी सातला फेरी सुरू करत. बोटीच्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहत, डॉक्टरसारखे. मग प्रत्येक टेकूवर पान्याने एक टिचकी. घट्ट टेकू खणखणत नाही, सैल टेकू खणखणतो. आधी ते स्क्रूवरून खाली टेकूवर येणारी खडूची रेघ मारत. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसे. पण डिसेंबरच्या पावसात खडू तासभर टिकत नसे. एक दिवस त्यांनी मला, मी राहते त्या क्लेमेंटीहून, लाल नेलपॉलिश आणायला सांगितलं. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाले, "छत्तीस नवऱ्या आहेत." दुसऱ्या दिवशी छत्तीस टेकूंवर छत्तीस लाल रेघा होत्या आणि बोटी रंगवणारा सोहेल दोन्ही हात पुढे करून उभा होता, "चाचा, मेरा भी कर दो, शादी में जाना है."

सोहेल बांगलादेशचा. तो आणि त्याचा जोडीदार दिवसभर बोटींच्या पोटाखाली उताणे पडून जुना रंग घासत आणि नवा लावत. एखादी बोट पडली, तर ती या दोघांवर पडणार होती, ना मालकावर, ना मॅनेजरवर, ना माझ्यावर. काकांची सगळी काळजी सरळ त्या दोन उताण्या माणसांपाशी जात असे. जेवणाच्या सुट्टीत ते दोघं सावलीसाठी बोटीखालीच डबा उघडत. काका डबा उचलत आणि शेडखाली नेऊन ठेवत. डब्यामागे माणसं आपोआप जात.

खाली काम सुरू करण्याआधी रोज एका कागदावर सही लागे: आधार तपासले, काम करण्यास हरकत नाही. ती सही काकांची. ते देवनागरीत 'र. चोगले' लिहीत आणि इतका वेळ लावत की सोहेल म्हणे, चाचा सही नाही करत, चित्र काढतात. पण ती सही होईपर्यंत तो एक पाऊलही आत टाकत नसे.

सहांपैकी एका बोटीचं नाव 'स्वच्छंद'. मालक समीर परांजपे, मूळ पुण्याचे, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, ईस्ट कोस्टला कॉन्डोमध्ये राहणारे. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ते आले आणि बोटीवर ताडपत्री घालून तिचे दोर स्वतः बांधून गेले, असं आम्हाला वाटलं. गेले नव्हते. काका दोर सोडायला लागले तेव्हा ते मागेच उभे होते.

"काका, अहो, काय करताय? तासभर लागला बांधायला."

"गाठ चांगली मारलीय साहेब. जागा चुकली."

"म्हणजे?"

"दोर टेकूला बांधलेत तुम्ही. ताडपत्री फडफडली की टेकू ओढणार. वाऱ्याच्या हातात दोरी दिल्यासारखं झालं. दोर पोटाखालून पलीकडे घ्यायचे आणि बोटीलाच बांधायचे."

परांजप्यांनी ऐकलं. माणूस वाईट नव्हता. मग काकांनी पुढचं काढलं: समोरच्या तारेवर शीड गुंडाळून तसंच ठेवलंय, ते उतरवा. आणि डोलकाठी आपण उतरवून ठेवू.

"नको हो. फेब्रुवारीत आलो की लगेच निघायचंय. तारा परत जुळवायच्या म्हणजे दोन रविवार गेले. एवढ्या बोटी आहेत की उभ्या. तुम्ही उगाच टेन्शन घेता." मग आवाज खाली आणून, आपुलकीने, "आपण आपलीच माणसं. जरा सांभाळून घ्या."

काकांनी वर बघितलं. बाण स्थिर होता.

"साहेब, खाली सोहेल असतो," ते म्हणाले. "त्याला कुणाच्या माणसात धरू?"

परांजपे हसले. उत्तर त्यांनी मॅनेजरला ईमेलने दिलं: शीड आणि डोलकाठी जशी आहे तशी ठेवावी.

परदेशात आपला माणूस भेटला की आपल्याला गहिवरून येतं. मला या गहिवराचा राग येतो. ज्याच्याकडे काम करून घ्यायचं त्याला आपला म्हणायचं आणि ज्याच्या अंगावर संकट पडणार त्याचं नावही विचारायचं नाही, असा हा हिशोब आहे. काकांना राग येत नसे. त्यांना भीती वाटे, आणि भीती वाटणारा माणूस रागावलेल्या माणसापेक्षा जास्त काम करतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

ती भीती कुठून आली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, त्या दिवशी परांजपे निघून गेल्यावर उरलेले दोर सोडताना. त्यांच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात. आधी डोलकाठी उतरवतात, मग होडी नारळाच्या झापांनी शाकारतात. नारळी पुनवेला होडी पाण्यात ढकलल्यावरच डोलकाठी चढवायची, अशी त्यांच्या घरची रीत. काका बावीस वर्षांचे होते. पताका सगळ्या बंदराला दिसाव्यात म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच, होडी वाळूत असताना, डोलकाठी उभी केली. शेंड्यापासून पताकांची दोरी खाली आणली आणि जवळ होता म्हणून टेकूलाच बांधली. दुपारी वारा उठला. पताका ताणल्या, टेकू निघाला. थोरला भाऊ त्या अंगाला बसून होडीला तेल लावत होता.

"पाय गुडघ्यापासून गेला," काका म्हणाले. "मला कोणी एक शब्द बोललं नाय. भाऊ पण नाय. तो अजून म्हणतो, पताका छान दिसत होत्या."

एवढं सांगून ते पुढच्या दोराकडे वळले.

परांजपे गेल्यावर काकांनी 'स्वच्छंद'च्या कागदावर सही करायचं थांबवलं. बाकीच्या पाच बोटींची गुंडाळलेली शिडं उतरवलेली होती, त्यांच्यावर ते नाखुशीने सही करत. हिच्यावर नाही. काम तीन दिवस अडलं. आमचा मॅनेजर वेस्ली रोज येऊन समोर उभा राही.

"अंकल, यू एव्हरी डे वरी. नेव्हर फॉल, व्हॉट."

"नॉट फॉल येट," काका म्हणत.

"साइन लाह, अंकल. जानेवारीत तुमचं वर्क पर्मिट रिन्यू करायचंय ना?"

हे त्याने धमकी म्हणून म्हटलं की आठवण म्हणून, सांगता येत नाही. त्याच्या आवाजात ते दोन्ही सारखंच वाजत असे. काकांनी कागद परत दिला.

चौथ्या दिवशी सकाळी वेस्ली कागद घेऊन माझ्याकडे आला. सेफ्टी कोऑर्डिनेटरची सहीसुद्धा चालते, म्हणाला. हवामान ठीक दिसतंय. मालकाचे रोज मेसेज येतायत. मी बाहेर बघितलं. आकाश पांढरं होतं, बाण हलत नव्हते. माझे वडील नाशिकला कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायचे. ती पत्रकं मोठ्याने वाचतच मी अक्षरं शिकले. कामगाराच्या जिवाशी खेळ, हे शब्द मला कमळ आणि बदकाच्या आधी यायचे. आणि मी सही केली. माझाही इथे काम करायचा पास त्याच कंपनीवर होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

काका दारात उभे होते. त्यांनी कागदावरची सही बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. पान्याची पिशवी उचलली आणि 'स्वच्छंद'पाशी जाऊन उभे राहिले. सोहेल आणि त्याचा जोडीदार आत सरकले. काका तिथून हलले नाहीत. चहाला आले नाहीत. सोहेल खालून म्हणाला, "चाचा, आज हवा छुट्टी पर है." काका म्हणाले, "तू हात चला."

अकराच्या सुमारास खाडीच्या अंगाने पाऊस आला. पाऊस येताना दिसतो, वारा दिसत नाही. मी ऑफिसच्या दारात होते. आधी तारा गुणगुणायला लागल्या, सहाही बोटींच्या, वेगवेगळ्या सुरात. मग एकदम सोसाटा आला आणि 'स्वच्छंद'च्या गुंडाळलेल्या शिडाचं टोक सुटलं. वीतभर कापड बाहेर आलं, मग हातभर, आणि ते तोफेसारखं वाजायला लागलं. अख्खी बोट थरथरली. मी ते बघितलं: आठ टन, थरथरताना.

"निकल!" काका ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला, आधी नाही, नंतर नाही. सोहेल कोपरांवर सरपटत बाहेर आला, त्याच्या मागोमाग जोडीदार. काका मात्र तिथेच होते. प्रत्येक झोताला बोट पलीकडे दबत होती आणि अलीकडचा मधला टेकू पोटापासून बोटभर सुटत होता. तो सुटला की काका स्क्रू फिरवून परत लावत. सुटला, लावला. सुटला, लावला. पाऊस आडवा होता, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मला सोहेलचा खांदा धरावासा वाटला, पण मी धरला नाही; माझा तो हक्क सकाळीच गेला होता.

हे किती वेळ चाललं ते मला ठाऊक नाही. वारा पडला तेव्हा बोट उभी होती.

मी धावत गेले. काका पाना पुसत होते. मी काहीतरी मोठं बोलणार होते. ते आधीच म्हणाले, "पडली असती तर पलीकडे पडली असती. म्हणून मी अलीकडे होतो. अक्कल आहे मला."

वेस्ली छत्री घेऊन आला. बोटीभोवती फिरला. आणि खरंच, मनापासून हायसं वाटून म्हणाला, "सी, अंकल? नेव्हर फॉल."

काकांचं काम असं होतं की ते नीट झालं तर दिसायला काहीच उरत नसे. आणि जे दिसत नाही ते करणारा माणूस नेहमी घाबरट ठरतो. बोट पडली नाही, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

दुसऱ्या दिवशी मी चार पानी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीतून, पण बाज वडिलांच्या पत्रकांचा. नफा, जीव, सत्ता, सगळं होतं. काकांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मान डोलावली.

"झकास आहे. पण यात टेकू कुठंय?"

मग ते मला बोटीपाशी घेऊन गेले. पलीकडच्या टेकूखालची फळी भिजलेल्या जमिनीत चार बोटं रुतली होती. मधल्या टेकूची लाल रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून अर्ध्या फेऱ्यावर गेले होते. आम्ही टेप लावला, फोटो काढले. चार पानांचं अर्धं पान झालं. कोणती बोट, कोणता टेकू, किती सरकला, त्या वेळी खाली किती माणसं होती, आणि त्या दिवशीच्या कागदावर सही कोणाची होती. शेवटची ओळ लिहिताना मी थांबले.

"ती राहू दे," काका म्हणाले. "आणि मी काय केलं ते मोठं करून लिहू नको. टेकू लावले, एवढंच लिही."

अर्धं पान वेस्लीकडून वर यार्डाच्या मालकाकडे गेलं. तीन दिवसांनी क्रेन आली आणि 'स्वच्छंद'ची डोलकाठी उतरवून आडवी ठेवली गेली. मला एक समजपत्र मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. बाकीच्या पाच डोलकाठ्या उभ्याच राहिल्या. जानेवारीत काकांचं पर्मिट रिन्यू झालं नाही. वय झालं, असं सांगितलं. वेस्लीने निरोपाला केक आणला होता आणि तो कापताना त्याचे डोळे खरोखर ओले होते. अशा माणसावर पत्रक कसं लिहायचं, ते मला वडिलांनी शिकवलेलं नाही. त्याच दुपारी त्याने सांगितलं की सकाळची फेरी आणि सही आता माझ्याकडे.

मी काकांना म्हटलं, मी नाही म्हणून सांगते. मी नोकरी सोडते.

"सोड," ते म्हणाले. "मग सही वेस्ली करेल. तो खुर्चीतून करेल."

उरलेले आठ दिवस त्यांनी मला सोबत फिरवलं. एकदाही शाबास म्हणाले नाहीत. मी टेकू घट्ट आहे म्हटलं की म्हणत, "परत." मी परत तळहात ठेवी. "आता काय कळलं?" मला काही कळलेलं नसे. "कळलं नाय ना? मग सही करायची नाय."

शेवटच्या संध्याकाळी कंपनीची गाडी नको म्हणून ते एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, विमानतळाला निघाले. एक बॅग, एक पाठीवरची पिशवी. मी बरोबर होते. तुआसपासून गाडी जमिनीच्या वरून जाते. खिडकीतून झाडं दिसतात. काका बसले नाहीत, दाराच्या काचेशी उभे राहून झाडांची हालचाल बघत राहिले. मी म्हटलं, मी विमानतळापर्यंत येते.

"तू क्लेमेंटीला उतर. सकाळी सातला यार्डात हवीस."

"एक दिवस उशीर झाला तर..."

"सोहेल साडेसातला आत जातो."

क्लेमेंटी आलं. मी वाकून नमस्कार केला. दार वाजायला लागलं, त्यांनी मला खांद्याला धरून बाहेर ढकललं. आधी गाडीचं दार मिटलं, मग प्लॅटफॉर्मचं. दोन काचांपलीकडे काका उभे होते. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, ते बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजत होते: मला काय काय सांगितलं, आणि काय सांगायचं राहिलं. तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला. त्यांनी चटकन मान वर केली, मला शोधलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी सुटली.